डोकं आणा, धड मिळेल

माझ्या वडिलांना तीन ठिकाणांहून गोळा करावं लागलं.

वाचकांनी दचकू नये. वडील घरच्याच खाटेवर, सकाळचा चहा पिऊन, कोणालाही रजा घ्यायला न लावता रविवारी वारले होते. गोळा करावं लागलं ते फोटोसाठी. डोकं सोसायटीच्या भिंतीवर होतं, एक कान आमच्या काकांकडे होता आणि धड भंडाऱ्याला एका दुकानात तयार होतं. आज माझा नातू कॉम्प्युटरसमोर बसून हा सगळा व्यवहार जेवणाआधी उरकतो. चार गावची माणसं एका सोफ्यावर आणून बसवतो आणि त्यांच्यामागे बर्फाचे डोंगर लावतो. सन अठ्ठ्याहत्तरमध्ये याच कामासाठी मला अर्ज करावा लागला, सभा भरवावी लागली आणि माध्यमिक शाळेत मराठी शिकवून गावात जी काही पत कमावली होती ती सगळी मोडावी लागली.

आमचं गाव कोंढ्याच्या अलीकडे, पवनी रस्त्यावरून आत. गावाचं नाव सांगत नाही. या हकिकतीतल्या मुख्य माणसाचे चिरंजीव अजून निवडून येतात.

सुरुवात शेजारच्या निर्मलाबाईंनी केली. आमच्या बऱ्याच गोष्टींची सुरुवात त्याच करत. त्यांचे यजमान दादाजी आमच्या वडिलांच्या आधी गेले. गावच्या कोतवालीत हयात काढलेला साधा माणूस. पण बाईंनी भंडाऱ्याहून त्यांचा असा फोटो करून आणला की बघणाऱ्यानं आधी नमस्कार करावा आणि मग कोण म्हणून विचारावं. दादाजी कोटात, खुर्चीवर, शेजारी निर्मलाबाई. दोघांच्या मध्ये फुलदाणी. फोटोवर चंदनाच्या सालींचा जाड हार, त्यामुळे दादाजींच्या कोटाचं एवढंसं टोक तेवढं दिसे. जन्मभर त्यांनी कोट घातला नव्हता, पण ते बोलून दाखवण्याइतकं शेजाऱ्यांशी वैर कोण घेतो?

हा फोटो बघून आई, म्हणजे कौशल्याबाई, घरी आली आणि सुपात तांदूळ घेऊन निवडत बसली. आमच्या आईचं असं होतं की ती फार काही मागत नसे, पण तांदूळ निवडायला बसली की समजावं, मागणार आहे. सूप अर्धं झाल्यावर ती म्हणाली, "बाबू, जित्तेपणी ते कधी माह्या बाजूले बसले नाही. आता तं बसव."

आणि मग बरसीच्या, म्हणजे वर्षश्राद्धाच्या, दिवशी फोटो भिंतीवर हवा, हेही सांगितलं. चार लोकांसमोर.

मी म्हणालो, त्यात काय मोठं. या एका वाक्यानं मध्यमवर्गाचं जेवढं नुकसान केलं आहे तेवढं महागाईनंही केलेलं नाही.

अडचण अशी होती की वडिलांचा फोटोच नव्हता. कॅमेऱ्यासमोर दोनच प्रकारची माणसं उभी राहतात, निवडून आलेली आणि पकडलेली, असं त्यांचं मत होतं. ते स्वतः दोन्ही नव्हते. ते तेजराम सचिव होते. गावच्या सोसायटीचं खतबियाणं, कर्जवाटप, धानाची मोजणी, वरच्या साहेबांची खुशामत आणि खालच्या शेतकऱ्यांच्या शिव्या, हे सगळं जवळजवळ तीस वर्षं त्यांनी एकट्यानं सांभाळलं. त्या काळात सोसायटीचे अध्यक्ष एकच होते, खुशालराव. ते सह्या करत. त्याही वडील बोट ठेवून दाखवतील तिथं.

गावात सल्ले सुरू झाले. आमच्या ड्रॉइंग मास्तरांनी तैलचित्राची तयारी दाखवली. त्यांनी काढलेली सरस्वती शाळेत होती आणि ती हेडमास्तरांसारखी दिसत असल्यामुळे विद्यार्थी तिला पाहून पळत. मी आभार मानले. शेवटी कुणीतरी आठवण दिली की गोदामाच्या उद्घाटनाला नागपूरहून साहेब आले होते, तेव्हाचा एक ग्रुप फोटो सोसायटीत टांगलेला आहे.

गेलो. होता. मधोमध साहेब, शेजारी खुर्चीवर तरुण खुशालराव, डोक्याला फेटा, फेट्याला वीतभर तुरा. त्यांच्या मागे उभे वडील. खरं तर वडील नव्हे, वडिलांचं डोकं. बाकीचा देह खुशालरावांच्या मागे गेला होता आणि डाव्या कानावर खुशालरावांचा तुरा आला होता. चेहऱ्यावर मात्र भाव स्पष्ट होता. साहेब काही मागतील आणि आपण ते आणायला धावू, असा.

मी फोटो उतरवायला हात वर केला तर नवा सचिव नत्थू म्हणाला, "गुर्जी, थांबा जी. तो जडसंग्रहात हाय."

जडसंग्रह म्हणजे खुर्च्या, टेबलं, वजनकाटा असल्या न संपणाऱ्या वस्तूंची सरकारी नोंद. वडील आदल्या वर्षी वारले होते, पण दप्तरी ते वीस वर्षं आधीच जड होऊन बसले होते. नत्थू माझा विद्यार्थी. मराठीत मी त्याला दोनदा नापास केलेलं. त्यानं मला रीतसर अर्ज करायला सांगितला. मी केला. त्यानं तो परत केला. समास सोडला नव्हता, आणि "सविनय" हा शब्द नव्हता. म्हणाला, "गुर्जी, तुमची भाषा चांगली हाय, पण अर्जाची नाही." मी घरी आलो आणि समास सोडून, विनय घालून दुसरा अर्ज लिहिला. तो लिहिताना मला त्याची दोन्ही वर्षं आठवली.

अर्ज सभेपुढे गेला. पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. दुसऱ्या सभेला मी चिवडा आणि चहा ठेवला, तेव्हा जे सभासद नव्हते तेही आले. विषयपत्रिका नत्थूनं स्वतः लिहिली होती. सातवा विषय असा: "माजी सचिव कै. तेजराम यांचे डोके तात्पुरते काढू देणेबाबत."

खुशालराव अध्यक्षस्थानी होते. वय झालेलं, पण ताठ. हातात त्यांची ती काठी. काठीला मुठीच्या जागी पितळेचा पोपट होता, भंडाऱ्याच्या कारागिराकडून खास ओतवून घेतलेला, चोच थोडी वाकडी. त्या पोपटाला अख्ख्या जिल्ह्यात जोड नाही, हे खुशालराव दर सभेला एकदा सांगत आणि ते इतिवृत्तात येत असे. त्यांनी पोपटानं फोटोच्या काचेवर टकटक केलं.

"डोस्कं खुशाल न्या गुर्जी. तेजराम आपला माणूस होता. पण तुऱ्याले हात नाही लागला पाहिजे."

मी समजावून सांगितलं की तुऱ्याखाली वडिलांचा कान आहे. भंडाऱ्याचा फोटोवाला तुरा पुसून तिथं कान काढेल. मूळ फोटोला काही होणार नाही.

"पुसण म्हणजे काय? अध्यक्षाचा तुरा पुसण?" खुशालरावांनी सभेकडे पाहिलं. सभेनं चिवड्याकडे पाहिलं. "एकाचं धड राखून दुसऱ्याचं डोस्कं काढणं, हे आपल्याले पसंत नाही. ज्याचं त्याचं सारं त्याच्यापाशीच राहिलं पाहिजे."

हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावं. त्या वेळी मी ठेवलं नाही.

ठराव मंजूर झाला. डोकं घ्यावं, तुरा वगळावा, आणि फोटोबरोबर सचिवानं जातीनं जावं. मी, नत्थू आणि फोटो असे तिघं एस.टी.नं भंडाऱ्याला गेलो. नत्थूचं तिकीट आणि दोन वेळचा नाश्ता माझ्याकडे लागला.

मोठ्या बाजाराकडे जाताना एका बोळात जागेश्वरचा फोटो स्टुडिओ होता. निर्मलाबाईंनी पत्ता दिलेला. जागेश्वर तोंडात पान ठेवूनच बोले, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य गुपित वाटे. त्यानं भिंग लावून वडिलांचं डोकं पाहिलं, जसा सोनार मोडीचा दागिना पाहतो.

"मस्त डोस्कं हाय," तो म्हणाला. "फिकर नका करू गुर्जी. डोस्कं तुमी आणलं, धड मी देतो."

मी विचारलं, कुणाचं?

मग त्यानं व्यवसायाचं मर्म सांगितलं. मेलेल्या माणसाचा फोटो असतोच तर तो लग्नाच्या पंगतीतला, नाहीतर मोर्चातला. धड कधीच धड नसतं. म्हणून त्याच्या बापानं एक धड करून ठेवलं होतं. काचेवरची निगेटिव्ह, अजून लख्ख. सतराएक वर्षांमागं कुणी बडं गिऱ्हाईक नवा कोट घालून फोटो काढायला आलं होतं. फोटो झाल्यावर त्याला आपलं नाक पसंत पडलं नाही. नाक मोठं आलं म्हणून फोटो टाकून गेलं. नाक गेलं, पण खाली कोट, बसण्याची ऐट, सारं एक नंबर. तेव्हापासून जिल्ह्यातले निम्मे मयत त्याच धडावर बसतात. जागेश्वर हे अभिमानानं सांगत होता. एक कोट आणि इतक्या घरी इज्जत. सरकारची कोणती योजना इतक्या लोकांपर्यंत पोचते?

पद्धत सोपी होती. डोक्याची कॉपी काढायची, मोठी करायची, ब्लेडनं कापायची, धडावर चिकटवायची, शेजारी आईचा फोटो चिकटवायचा, सांध्यावर ब्रश फिरवायचा आणि सगळ्याचा मिळून पुन्हा एक फोटो घ्यायचा. प्रश्न फक्त कानाचा उरला. तुऱ्याला हात लावायचा नाही म्हणजे तुऱ्यासकट डोकं कापता येणार नाही आणि तुऱ्याशिवाय कापलं तर डावीकडे खड्डा. "एखादा कान घेऊन या," जागेश्वर म्हणाला. "घरातला असला तं बरं. कानाची ठेवण खानदानी असते."

खानदानी डावा कान गोमाजीकाकांकडे होता. वडिलांचे धाकटे भाऊ. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं बोलणं बंद झालेलं, ते पुन्हा सुरू होण्याआधी वडील गेले. मी कान मागायला गेलो तेव्हा काका नांगराची दोरी वळत होते. मागणी ऐकून त्यांनी दोरी खाली ठेवली आणि कानाला हात लावून पाहिला. मला वाटलं, भरून आलं.

"हयातभर भावानं माह्यं एक नाही आयकलं," ते म्हणाले. "चाल. आता आयकन, माह्याच कानानं."

भंडाऱ्याला जायच्या दिवशी काकांनी नवी टोपी घातली, धुतलेलं धोतर नेसलं आणि काकूचं अत्तर लावलं. स्टुडिओत ते अर्धा तास ताठ बसले. जागेश्वरनं टोपी काढायला लावली, मान वळवायला लावली आणि फक्त कान घेतला. परतताना काका गाडीत शेजारच्या प्रवाशाला सांगत होते की फोटो काढायला गेलो होतो. कसला, असं त्यानं विचारलं तेव्हा ते खिडकीबाहेर पाहू लागले. पण गावात उतरल्यावर त्यांनी जाहीर करून टाकलं की तेजरामच्या फोटोत आपला हिस्सा आहे. शेतात हिस्सा हा शब्द उच्चारायला त्यांना इतकी वर्षं जमलं नव्हतं.

शाळेत एव्हाना मी सुटे भाग गोळा करतो अशी वदंता पसरली होती. नववीच्या फळ्यावर एक दिवस "गुरुजी, नाक पाहिजे काय?" असं लिहिलेलं सापडलं. शुद्धलेखन निर्दोष होतं. म्हणजे माझं शिकवणं अगदीच वाया गेलं नव्हतं.

मग आईची पाळी. ती भंडाऱ्याला गेल्याला कित्येक वर्षं झाली होती. वैनगंगेच्या पुलावर तिनं सवयीनं नाणं काढलं आणि नदीत टाकताना मनात काय म्हणाली ते सांगितलं नाही. स्टुडिओत दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. एक तिची, दुसरी रिकामी. जागेश्वर म्हणाला, बाई, बसा. आई रिकाम्या खुर्चीशेजारी उभीच राहिली. मी म्हटलं, बस ना.

"ते खुर्चीवर असले का मी खाली बसतो," ती म्हणाली.

मी सांगितलं की ते अजून यायचे आहेत. ती बसली, पण खुर्चीच्या पार टोकावर, पदर कपाळापर्यंत ओढून, रिकाम्या खुर्चीकडे पाठ वळवून. जागेश्वर म्हणे, जवळ सरका. आई वीतभर सरके आणि लाजून दोन वीत परत जाई. चाळीस वर्षांचा संसार झालेली बाई एका रिकाम्या खुर्चीला लाजते, हे पाहून जागेश्वरनं पान थुंकलं. त्यानं पान थुंकल्याचा तेवढाच एक प्रसंग मला माहीत आहे.

नंतर त्यानं हळूच विचारलं, कुंकू लावू की नको? ब्रशनं लागते. बहुतेक लोक लावतात, काही लोक नाही म्हणतात. मी धर्मशास्त्राचा विचार करू लागलो. निर्मलाबाई काय म्हणतील, काका काय म्हणतील, वर्तमानपत्रात पत्र येईल का. आईनं विचार केला नाही.

"ते बाजूले बसून राहिले ना? मंग लाव. ठसठशीत लाव."

नमुना बघायला आठवड्यानं गेलो. जागेश्वरनं छातीपर्यंतचाच दाखवला. डोकं पहिल्या खेपेला मोठं झालं होतं, कोटातून भोपळा उगवावा तसं. दुसऱ्या खेपेला मापात आलं. कान चपखल. पण चित्र मला विचित्र वाटत राहिलं. मानेच्या वर चेहरा म्हणत होता "जी साहेब", आणि मानेच्या खाली छाती म्हणत होती "काय रे?" मी हे जागेश्वरला सांगितलं. तो म्हणाला, टांगल्यावर मुरते.

बरसीच्या आदल्या दिवशी फ्रेम हातात मिळाली. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीनं बांधून. सुतळी गावी जाऊनच सोडा म्हणाला, काच हाय. एस.टी.च्या कंडक्टरनं विचारलं, आत काय? मी म्हणालो, आईवडील. त्यानं माझ्याकडे पाहिलं, गठ्ठ्याकडे पाहिलं आणि लगेजचं तिकीट फाडलं. आईनं घरीही गठ्ठा सोडू दिला नाही. उद्या चार लोकांसमोर, म्हणाली. रात्रभर तो तिच्या खाटेखाली होता.

बरसीला गाव आलं. पिंड झाले, भाताचा आणि वड्याचा वास सुटला. ओसरीवर पाटावर फोटो ठेवून मी सुतळी कापली.

खरं सांगतो, सुंदर फोटो होता. वडील कोटात, पायावर पाय टाकून बसलेले, कुणाची वाट न बघता. शेजारी आई, ठसठशीत कुंकवाची. ती रिकाम्या खुर्चीकडे पाठ करून बसली होती, पण जागेश्वरनं तिला कातरून असं काही ठेवलं होतं की ती आत्ताच काहीतरी ऐकून हसू लपवायला वळली आहे असं वाटावं. आई पुढे आली. पदरानं तिनं काच पुसली, जिथं धूळ नव्हती तिथं. निर्मलाबाईंनाही कुंकवाबद्दल बोलायचं सुचलं नाही, आणि हा चमत्कार मी धरतो. गोमाजीकाका तेवढे फोटोशेजारी उभे राहून प्रत्येकाला डावीकडून बघायला सांगत होते.

खुशालराव उशिरा आले. पाय धुतले, टेकले, काठी गुडघ्यावर आडवी ठेवली. मी झेंडूचा हार उचलला आणि फ्रेमवर घालणार तोच मागून हलका आवाज आला.

"गुर्जी. हार थांबवा."

मी वळलो. खुशालरावांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"आत मी हाव," ते म्हणाले.

क्षणभर मला वाटलं, वडिलांचा आत्मा अध्यक्षांच्या अंगात आला. मग त्यांनी काठी पुढे केली. पितळेचा पोपट, चोच थोडी वाकडी. मी फोटोकडे पाहिलं. वडिलांच्या उजव्या हातात काठी होती. काठीला पोपट होता. चोच थोडी वाकडी होती.

ओसरीवरची सगळी मुंडकी एकदा पोपटाकडे आणि एकदा पोपटाकडे वळली.

नत्थू धावत निर्मलाबाईंच्या घरी गेला. दादाजींच्या फोटोवरचा चंदनाचा हार त्यानं बाजूला सारला. परत येऊन त्यानं सचिवाला शोभेल अशा आवाजात माहिती दिली: तिथंही पोपट. एका पाहुण्याला आठवलं की साकोलीला त्याच्या मावसासऱ्याच्या भिंतीवर असाच पोपट आहे. दुसऱ्यानं अड्याळचा पोपट सांगितला. जिल्ह्यात जोड नसलेला पोपट गावोगाव निघू लागला, आणि प्रत्येक पोपटाशेजारी एक विधवा बसलेली. निर्मलाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि खुशालरावांकडे पाठ केली.

नाक मोठं आलं म्हणून फोटो टाकून आलेलं ते बडं गिऱ्हाईक कोण, हे आता ओसरीवर सगळ्यांना कळलं. प्रत्येक जण त्यांच्या नाकाकडे पाहत होता. जागेश्वरच्या बापाचा काही दोष नव्हता, असं मला प्रामाणिकपणे वाटलं.

"माह्या जित्त्या अंगाले हार घालून राहिले तुमी," खुशालराव म्हणाले. त्यांच्या आवाजात राग होता, पण त्याखाली भीती होती, आणि ती जास्त खरी होती. इतकी वर्षं, गावोगाव, दर तिथीला त्यांच्या छातीवर फुलं पडत होती आणि त्यांना पत्ता नव्हता. "हा फोटो मी टांगू देणार नाही. माह्यं धड मले परत पाहिजे. सभा बोलावतो. ठराव करतो."

नत्थूनं खिशातून पेन काढलं.

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा समास सोडून काहीतरी विनयाचं बोललो. धड कापून देतो म्हणालो, दुसरं बसवतो म्हणालो, स्वतः कोट घालून बसतो म्हणालो. बोलता बोलता मी फ्रेम उचललीही. पण ती वर येईना. दुसऱ्या बाजूनं आईनं धरली होती.

ती आमच्या ओसरीवर पुरुषांसमोर कधी बोललेली मी ऐकली नव्हती. आवाज चढवला नाही. तांदूळ निवडताना बोलते तसं बोलली.

"खुशालभाऊ, तुमी कायले घाबरता? यात नवीन काय हाय? तीस वर्सं सोसायटी अशीच तं चालली. डोस्कं ह्यायचं, कोट तुमचा."

कुणी हसलं नाही. हसले असते तर खुशालरावांना रागावता आलं असतं. त्यांनी सभेच्या सवयीनं आजूबाजूला पाहिलं, कुणी अनुमोदन देतं का म्हणून. गोमाजीकाका शांतपणे आपला डावा कान खाजवत होते. नत्थूनं पेनाचं टोपण लावलं. थोड्या वेळानं अध्यक्षांनी काठी भिंतीला टेकवली, पोपटाचं तोंड भिंतीकडे करून, आणि म्हणाले, "पान वाढा. उशीर झाला."

ते जेवले. वडे दोनदा घेतले. जाताना मला बाजूला घेऊन तडजोड सुचवली, आणि ती पुढे कायम पाळली गेली. हार गळ्याच्या खाली येऊ द्यायचा नाही. म्हणून आमच्या घरी वडिलांचा हार फ्रेमवरून लोंबत नसे. आई एक छोटं वेटोळं करून तो बरोबर डोक्याभोवती चिकटवी. नवा पाहुणा विचारी, लग्नातला फोटो काय? आई म्हणे, हो.

सभेत पोपटाचा उल्लेख मात्र त्यानंतर झाला नाही. इतिवृत्तं साक्ष आहेत.

खुशालराव शहाऐंशी साली गेले. चिरंजीव तेव्हा नुकते पंचायत समितीत निवडून आले होते. घाईत होते, आणि घाईतली माणसं करतात तेच त्यांनी केलं. बापाच्या ओळखपत्रावरचा चेहरा घेऊन ते भंडाऱ्याला जागेश्वरकडे गेले. जागेश्वरनं भिंग लावलं आणि म्हणाला, फिकर नका करू साहेब, डोस्कं तुमी आणलं, धड मी देतो.

असे खुशालराव पंचवीस वर्षांनी स्वतःच्या अंगावर परत आले. तेराव्याला आम्ही गेलो. मोठ्या दिवाणखान्यात फोटो होता, कोट, पायावर पाय, पोपट. वर चेहरा त्यांचाच. जागेश्वरनं नाक थोडं लहान केलं होतं. हार गळ्याखाली, छातीवर, पार पोपटापर्यंत आला होता. त्या धडाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणाला न घाबरता पूर्ण हार मिळाला होता. तरी लोक येत, नमस्कार करत आणि हलकेच एकमेकांना म्हणत, तेजराम सचिवासारखेच दिसून राहिले.

आई फोटोसमोर बराच वेळ उभी राहिली. मग माझी बाही ओढून कानाशी आली.

"बाबू, कोट आमच्या ह्यायचा हाय," ती म्हणाली. "पण राहू दे."